बिनसिमेंटचा ठोकळा

मी एक जुना ठोकळा आहे. पण मित्रांनो, मला बघायला आलात तर ठोकळा काही सापडणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत कमरेशी बारीक झालेला एक करडा तुकडा दिसेल. माझं तेवढंच अंग उरलं आहे.

माझ्यात सिमेंट अजिबात नाही. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजावी लागते आणि त्याचा धूर आभाळात साचतो. मला घडवणाऱ्या बाईला तो धूर नको होता. या घरातली मुलगी तिला आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणतो. खाणीवर खडी फोडताना उरलेली दगडाची भुकटी आई पोत्यांनी आणायची, शेडमध्ये चाळायची. मग हातमोजे आणि चष्मा घालून त्यात कॉस्टिक सोडा आणि पाकासारखं दाट सोडियम सिलिकेट कालवायची. भुकटीचा पुन्हा दगड व्हायचा.

बाबा गवंडी. त्यांचा जन्म सिमेंटच्या भिंतींवर पाणी मारण्यात गेला. ते म्हणायचे, "तुझ्या या चिखलावर घर बांधू होय?"

"बांधू नका, आधी फोडून तर बघा," आई म्हणायची.

आमचा जन्मच फुटण्यासाठी असतो. दाबयंत्रात ठेवून फुटेपर्यंत दाबतात, तेव्हा कळतं की आमच्यात किती ताकद होती. पण ताजा ठोकळा कितीही भक्कम निघाला तरी लोक विचारायचे, पुढे टिकेल कशावरून? म्हणून आईने आम्हां तिघांना घडवलं आणि सांगितलं, यांना जुनं होऊ द्या, मग फोडा.

आम्हाला सुरुवातीला ऊब लागते, झाकण लागतं; सिमेंटसारखं पाणी चालत नाही. आई दवाखान्यात गेली तेव्हा बाबांनी काळजीपोटी शेडमधल्या दोघांवरचं झाकण काढलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. त्यांच्या अंगावर पांढरी पापडी धरली, कोपरे हाताने निघू लागले. मी चुलीमागे गोधडीत होतो म्हणून वाचलो. घरी आल्यावर आईने ते पाहिलं. "अहो, बाळं होती का ती? अंघोळ घातलीत," म्हणाली आणि हसता हसता खोकली. त्यानंतर ती शेडमध्ये गेली नाही. थोड्याच दिवसांत ती गेली.

बाबांनी मला उचलून टेबलावर तिच्या जागी ठेवलं. माझ्याशी बोलायचे. भाजीत मीठ कमी पडलं, नळ गळतोय. बोलून झालं की उत्तरासाठी थांबायचे.

दुपारी शेडमधून चाळणीचा आवाज यायचा. शेडला कुलूप असायचं. बाबा त्या दिशेला बघून म्हणायचे, "पुरे आता. जेवायला ये." आवाज थांबायचा. बाबा माझ्याकडे बघून मान हलवायचे.

अशी काही वर्षं गेली. एक दिवस मुलगी म्हणाली, "बाबा, नव्या दवाखान्याची जमीन आईच्या पद्धतीच्या लाद्यांची करायला तिथले लोक तयार आहेत. पण जुना ठोकळा तपासून हवाय. नाहीतर सिमेंटच्या घालणार. हा एकच उरलाय."

"हा नाही."

"मग आईचं काम इथंच संपलं म्हणायचं?"

"काहीही म्हण. याला हात लावायचा नाही."

ती उठून गेली. जरा वेळाने चाळणी वाजू लागली. बाबांनी हाक मारली. आवाज थांबला नाही. पुन्हा मारली. मग ते मला छातीशी धरूनच उठले, शेडचं कुलूप काढलं. आत आईचा चष्मा घालून मुलगी भुकटी चाळत होती. मागचं दार उघडं होतं.

"रोज तूच असतेस?"

"हो."

"मग हाक मारली की थांबायचीस कशाला?"

"मला वाटायचं, मला जेवायला बोलावताय. घरात यायचे तर तुम्ही त्या दगडाशी बोलत असायचात."

बाबांनी मला चाळणीशेजारी ठेवलं. एक गोष्ट मात्र त्या दोघांना कळली नाही, ती तुम्हालाच सांगतो. मुलगी माझ्यासमोर बसून जेवत होती, तेव्हाही एकदा तो आवाज आला होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः मला दाबयंत्रात ठेवलं. वरची पोलादी पाटी माझ्यावर टेकली. माझ्यातून पहिला बारीक आवाज निघाला तसा बाबांचा हात पुढे आला.

"थांबवू का?" यंत्रावरच्या माणसाने विचारलं. "मधेच थांबवलं तर काही कळणार नाही बघा."

"नको," बाबा म्हणाले. "चालू द्या."

आई मला साच्यात भरत होती तेव्हा वाकून बोलत होती. त्या वेळची थोडी हवा माझ्यात बुडबुडे होऊन अडकली होती. माझ्या बाजू ढासळून मी फुटलो तेव्हा ती बाहेर पडली. खोलीत कोणाला काही जाणवलं नाही. बाबांनी मात्र मागे वळून पाहिलं.

यंत्रावरचा माणूस आकडा बघून म्हणाला, "चांगला मुरलाय की. कोणी केला होता?"

मुलीने बाबांचा दंड धरला. मग ते म्हणाले, "हिच्या आईनं." आणि बोलतच राहिले. घरी जातानाही त्यांचं बोलणं संपलं नव्हतं, आणि मुलगी मध्येमध्ये त्यांना दुरुस्त करत होती.

आता माझ्याशी कोणी बोलत नाही. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा, पुसून ठेवा. पण त्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर वस्तूपाशी बसू नका. त्याला ओळखणारं कोणीतरी शेजारच्या खोलीत असेल. त्याच्याकडे जा. आम्हाला सगळं ऐकू येतं, पण तुमचं चुकलं तर दुरुस्त करता येत नाही.