अनसूयेनं सांगितलेली दोन पानं

मंगळवारी दुपारी उस्मानाबादच्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गात इतिहासाच्या निबंधांची अदलाबदल चालली होती, तेव्हा माकणीहून शिवप्पा आला. मार्तंड गुरुजींच्या सासुरवाडीचा तो जुना गडी. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "चला गुरुजी. बाईंस्नी लई बरं न्हाय."

"ताप उतरला नाही का?"

शिवप्पानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. मार्तंडला तिथंच कळलं. माहेरी असलेली त्याची बायको अनसूया मुदतीच्या तापानं सकाळीच गेली होती. हातातली निबंधाची वही त्यानं शेजारच्या बब्रुवानला दिली आणि तो एस.टी.कडं निघाला.

तेरावा करून तो परत आला, तेव्हा वही वसतिगृहातल्या त्याच्या खाटेवर होती. आत बब्रुवानच्या अभिप्रायाचा कागद होता. वर्गाचे शिक्षक वसंतराव यांचा नियम होता की दुसऱ्याच्या निबंधात खोडाखोड करायची नाही. आधी काय चांगलं आहे ते लिहायचं, मग प्रश्न विचारायचे, तेही तीनच. बब्रुवान हा सोनारीकडचा शेतकऱ्याचा मुलगा, नियमाला पक्का. बातमी कळण्याआधीच, त्याच दुपारी, त्यानं लिहून टाकलं होतं:

"हैदराबादच्या विलीनीकरणाच्या वर्षी माकणीच्या बाया दोन दिवस ज्वारीत दडून बसल्या, ही दोन पानं सगळ्या निबंधात जिवंत आहेत. असं कुठं वाचायला मिळत नाही. प्रश्न एक : आपण निजामी सालाचा, १३५७ फसलीचा तीर महिना लिहिला आहे. तीर म्हणजे मे. मे महिन्यात आपल्याकडच्या रानात ज्वारी कुठली? प्रश्न दोन : बाया एके ठिकाणी पाच आहेत, एके ठिकाणी सात. प्रश्न तीन : पाणी कुठून आणलं? वहिनींना विचारलं तर पाच मिनिटांचं काम आहे."

बब्रुवान संध्याकाळी आला. खाटेच्या कडेवर टेकला.

"गुरुजी, तो कागद फाडून टाका. मला ठाऊक नव्हतं हो."

"कशाला फाडायचा? बरोबर लिहिलंयस."

"मग महिना तेवढा बदला. पौष घाला. ज्वारी उभी असते. कोण बघतंय?"

"भाद्रपदातही असते. खरिपाची."

पौषातली गोष्ट असेल, तर बाया रझाकारांना भिऊन दडल्या. भाद्रपदातली असेल, तर हिंदुस्थानची फौज आली त्या आठवड्यातली. मग कुणाला भिऊन दडल्या, तेच बदलतं. शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

तीर महिना अनसूयेनं सांगितलाच नव्हता. त्या वर्षी तीर महिन्यात मार्तंडनं स्वतः आपलं गाव सोडलं होतं. तोच महिना त्यानं न विचारता तिच्या गोष्टीपुढं टाकला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्यानं तिला त्या दिवसांबद्दल एकदाच विचारलं होतं, तेही निबंधासाठी. ती शेंगा फोडत होती. मधेच म्हणाली, "त्याच्या आधी काय झालं ते सांगू का?" तो म्हणाला, "राहू दे, तेवढं पुरे. दोनच पानं लिहायचीत."

निबंध द्यायला आठ दिवस होते. रविवारी तो माकणीला गेला. सासूबाई, कस्तुराबाई, त्या वर्षी आजारी म्हणून सोलापूरला भावाकडं होत्या. अनसूयेबरोबर शेतात गेली होती ती चुलती मथुराबाई. म्हातारी ओसरीवर बसली होती. तिला नीट दिसत नव्हतं.

"काकू, तुम्ही ज्वारीत दडला होता ना?"

"व्हय. ज्वारीत."

"थंडी होती का तेव्हा?"

"लई थंडी. अनसू काकडत होती."

मार्तंडनं पेन्सिल काढली. मग खात्री करावी म्हणून त्यानं उलटं विचारलं. "पाऊस होता का?"

"व्हय की, पाऊस. चिखल हा एवढा."

"काकू, थंडी का पाऊस? दोन्हींतलं एक सांगा."

"तुमी म्हणाल ते, जावईबापू. तुमी शिकलेली माणसं." मग जरा थांबून म्हणाली, "तिलाच का इचारत न्हाय? तिला समदं ध्यानात असतं."

कस्तुराबाई आतून आल्या आणि जावेवर खेकसल्या, "अवो बाई, अनसू गेली न्हाय का!"

"व्हय, गेली," मथुराबाई म्हणाली. "कवा यील?"

मार्तंडनं पेन्सिल खिशात ठेवली. कस्तुराबाईंनी चहा ठेवते म्हटलं. तो नको म्हणाला आणि फाट्यावर येऊन गाडीची वाट बघत बसला.

शुक्रवारी त्यानं वसंतरावांना सगळं सांगितलं. महिन्याची जागा कोरी सोडली तर चालेल का, असं विचारलं. वसंतराव भला माणूस. त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली.

"मार्तंडराव, तुम्ही दुसऱ्याच्या निबंधावर काय लिहिलं असतं?"

"लिहिलं असतं, की साल-महिना ठरत नसेल तर आधार म्हणून घेऊ नका."

"मग?"

"काढतो."

शनिवारी निबंध दिला. त्यात माकणीचं नाव कुठं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो चांगल्या गुणांनी पास झाला. बब्रुवान पेढे घेऊन आला, पण पुडा न सोडताच बसून राहिला.

मार्तंडची बेंबळीच्या शाळेवर नेमणूक झाली. काढलेली पानं ट्रंकेत आहेत. तीर महिन्यावर काट मारलेली आहे आणि वरची जागा कोरी आहे. मथुराबाई पुढच्या उन्हाळ्यात गेली. त्या शेतात आणखी कोण बाया होत्या, त्यांची नावं मार्तंडनं लिहून घेतलेली नाहीत. ज्वारी खरिपाची होती का रब्बीची, ते ठरवायचं राहिलं आहे.