माझ्या नावावर पडलेलं मत

मी एक जुना संगणक आहे. म्हणजे होतो. सध्या मी बोरगाव मेघेतल्या एका घराच्या माळ्यावर, मोडक्या कुलरच्या शेजारी ठेवलेला पत्र्याचा डबा आहे. पण मित्रांनो, डब्याचं आयुष्य कोणी वाचत नाही, म्हणून मी संगणकापासून सुरुवात केली.

माझा जन्म १९९८ साली नागपूरला, सीताबर्डीच्या एका दुकानात झाला. मला आईवडील नव्हते, सुटे भाग होते. धान्याचे व्यापारी वासुदेवराव यांनी दुकानाच्या कामासाठी मला विकत घेतलं. बोरगावला घरी येताच मला फुलाफुलांची खोळ शिवली गेली आणि माझ्या खोलीत चपला घालून यायला बंदी झाली. दुकानाचं काम मात्र वासुदेवराव पूर्वीसारखं तोंडीच करत. मी शोभेला होतो.

पुढे त्यांचा मुलगा नीलेश पॉलिटेक्निकला गेला आणि मला काम लागलं. २००७ च्या उन्हाळ्यात त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी ‘तासिका’ नावाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. एक मैत्रीण अल्लीपूरची हर्षा, दुसरा जामचा अंकित. तासिका शाळांची वेळापत्रकं तयार करणार होती. ती कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी, असं ठरलं होतं. त्यातला सगळ्यात अवघड भाग हर्षाने लिहिला. एकच गुरुजी एकाच वेळी दोन वर्गांत जाऊ नयेत, हे पाहणारा भाग. शाळांना हे वर्षानुवर्षं जमलेलं नाही.

तिघे आपापल्या ठिकाणी लिहीत आणि माझ्यात आणून टाकत. माझ्या पोटात ‘तासिका नवी’, ‘तासिका नवी खरी’ आणि ‘हीच घ्या’ अशा फायली शेजारी शेजारी नांदत होत्या. एक दिवस नीलेशने आपली जुनी फाईल हर्षाच्या नव्या फाईलवर टाकली. तिची उन्हाळाभराची मेहनत गेली.

“नीलेश, माहा भाग कुठी गेला?”

“असंन ना कुठीतरी.”

“कुठीच नाई. तू पुसला.” हर्षाने माझ्यातल्या फायली एकेक करून उघडून पाहिल्या. “पुन्हा लिहीन मी. एकदा. पण पुन्हा गेला त तिसऱ्यांदा नाई. आताच सांगून ठेवून राह्यली.”

म्हणून ठरलं की आवृत्त्या सांभाळणारी एखादी प्रणाली निवडायची. अशी प्रणाली कोणी, काय, कधी बदललं ते लक्षात ठेवते आणि चूक झाली तर मागे नेते. निवड दोनांत होती. सबव्हर्जन घेतलं तर सगळा इतिहास एकाच यंत्रात राहणार, बाकीच्यांनी आपलं काम तिथे आणून जमा करायचं. गिट घेतलं तर प्रत्येकाकडे सगळ्याची सगळी प्रत राहणार.

बैठक माझ्यासमोर भरली. तर्री-पोहे होते.

“अल्लीपूरले लाईन सकाळी जाते,” हर्षा भारनियमनाचा हिशेब मांडू लागली. “तुमच्याकडे दुपारी जाते, अन् जामले तिच्या मर्जीनं. तिघांकडे एकाच वेळी लाईन कधी पाह्यली काय? गिट घ्या. एकाचं गेलं तरी दोघांपाशी राहीन.”

“सगळ्यांपाशी सगळं, मंग त्यातलं मुख्य कोणतं?” नीलेशने विचारलं.

“कोणतं बी.”

हे ‘कोणतं बी’ वासुदेवरावांना लागलं. ते आतापर्यंत पेपर वाचत होते. “असं कसं व पोरी? दुकानात गल्ला एकच राह्यते. तीन गल्ले ठेवले त मालक कोण?”

“काका, हे दुकान नाई. फुकट वाटाचं हाये.”

“फुकट वाटाले बी घर लागते का नाई? घर हे हाये.”

मग मतदान झालं. हर्षा गिट. अंकित म्हणाला, “मी हर्षासंगं,” आणि पोह्यांचा दुसरा घास घेतला. नीलेश सबव्हर्जन. वासुदेवराव प्रकल्पात नव्हते, पण “मशीन माही हाये” या आधारावर त्यांचंही मत धरलं गेलं. बरोबरी झाली.

“मंग मशीनचं बी मत धरा,” नीलेश म्हणाला. “राबून त तेच राह्यलं.”

“काय म्हणते मशीन?” अंकितने विचारलं.

नीलेशने माझ्या अंगाला कान लावला. “सबव्हर्जन म्हणते.”

सगळे हसले. हर्षा हसली नाही. अशा रीतीने तीन विरुद्ध दोन मतांनी सबव्हर्जन निवडून आलं.

मित्रांनो, त्या वेळी माझा पंखा घरघरत होता. ‘हर्षाचं ऐका’ असाही त्याचा अर्थ निघू शकला असता. एका म्हाताऱ्या डिस्कवर सगळं ठेवू नये, हे मला बाहेरून कोणी शिकवायला नको होतं. ती डिस्क माझ्याच पोटात करकरत होती. पण मतदाराला विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

त्यानंतर हर्षा काम फ्लॉपीत घालून जमा करायला अल्लीपूरहून एसटीने येऊ लागली. येईपर्यंत बऱ्याचदा बोरगावची लाईन गेलेली असे. मग ती ओसरीत बसून राही आणि शेवटची गाडी धरून जमा न करताच परत जाई; दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कुठे काम जमा होई. गावात ती एका कॉम्प्युटर क्लासच्या यंत्रावर लिहायची. नवी बॅच आली की क्लासवाले सगळं पुसत. हर्षाने त्यांना कधी अडवलं नाही, जमा झालं की स्वतःची फ्लॉपीही ती पुसून पुन्हा वापरायची. बोरगावले जमा हाये, म्हणायची.

गणपती उठले तेव्हा तिचा भाग दुसऱ्यांदा लिहून झाला, आणि पहिल्यापेक्षा चांगला झाला. अल्लीपूरच्या शाळेचे सदाशिवराव गुरुजी छापील वेळापत्रक घेऊन बराच वेळ उभे राहिले. “माह्या नोकरीत पह्यल्यांदा मी एकाच जागी हावो,” म्हणाले. नीलेश येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्यावर थाप मारून सांगे, “सगळं आमच्या मशीनमधी हाये.” ते दुर्दैवाने खरं होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारं धुऊन त्यांची पूजा करतात. वासुदेवरावांचा तराजू, वजनं, स्कूटर आणि मी, असे आम्ही अंगणात ओळीने बसलो. नीलेशची आई विमलाबाई यांचा माझ्यावर जीव होता. तराजूला त्यांनी फडकं मारलं. माझा बाजूचा पत्रा मात्र काढला, आत डोकावून म्हणाल्या, “किती धूळ साचली व माय लेकराच्या पोटात,” आणि बादली आत रिकामी केली. साबणही लावला.

उन्हात मी बाहेरून छान वाळलो. “पूजेले यंत्र चालू पाह्यजे,” म्हणत वासुदेवरावांनी बटण दाबलं. मी चालू झालो. नारळ फुटायच्या आत बंद झालो. जळका वास आला, पण उदबत्तीही होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने माझी डिस्क कानाशी धरून हलवली आणि परत दिली. अंकितकडची प्रत पोळ्याच्या आधीची निघाली. तिच्यात एकच गुरुजी तीन वर्गांवर होते.

हर्षा आली तेव्हा नीलेश दारातच उभा होता.

“मायनं धुतलं,” तो म्हणाला.

“काय धुतलं?”

“मशीन. खंडेनवमी होती ना.”

हर्षा खुर्चीवर बसली.

“लिहून टाक ना व पुन्हा,” नीलेश म्हणाला. “तुले त पाठ असंन.”

“सांगतलं होतं ना मी.”

“यावेळी गिटच घेऊ. मी कबूल.”

“घ्या ना,” हर्षा म्हणाली. “ठेवसान काय त्याच्यात?”

ती एसटीने गेली, पुन्हा आली नाही. नीलेश पुण्याला नोकरीला आहे. विमलाबाई पापडाचा डबा काढायला माळ्यावर येतात तेव्हा घरच्यांशी बोलतात, त्यावरून मला बाहेरचं कळतं. हर्षा अल्लीपूरच्याच शाळेत शिकवते. दर जूनमध्ये कार्डशीटवर पट्टीने वेळापत्रक आखते. यंदा तीच दोन वर्गांवर एकदम आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तूंनी ‘आमची काळजी घ्या’ म्हणून हात जोडायचे असतात. मला तसं म्हणवत नाही. माझी भरपूर काळजी घेतली गेली. मला झाकलं, पुसलं, मताचा मान दिला, साबण लावून आंघोळ घातली. काळजी घ्यायची राहिली ती माझ्या पोटातल्या दुसऱ्याच्या कामाची. तुमच्या घरी कोणी काही घडवत असेल तर त्याची एक प्रत आधी त्याच्या हातात द्या. मग मला खुशाल बादलीत बुडवा.