वाळूची परात आणि तीन चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात आहे. केजच्या बाजारातून निघाले ती थेट शाळेच्या स्वयंपाकघरात आले. बारा वर्षं विमलबाईंनी माझ्यात खिचडीचे तांदूळ धुतले. माझ्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं. मग स्टीलची नवी परात आली आणि मला भोक पडलंय म्हणून बाहेर टाकलं. भोक काही एवढं मोठं नव्हतं हो! दोन पावसाळे मी टाकीमागे पालथी पडून होते. कोंबड्यासुद्धा माझ्यावर चढायच्या. लई राग यायचा.

तिथून मला उचललं वैष्णवीबाईंनी. त्या विशेष शिक्षिका, आठवड्यातून दोनदा जीपने येतात. ज्यांचं डोकं चांगलं चालतं पण अक्षरं मनात ठरत नाहीत, अशा मुलांना त्या शिकवतात. त्यांनी माझ्यात जाड पुठ्ठा घातला, त्यावर गोदावरीची चाळलेली वाळू पसरली आणि मला व्हरांड्यात मांडलं. झाले मी पाटी!

मोहिनी चौथीतली. तोंडी विचारा, धडाधड सांगायची. लिहायला बसली की काना, मात्रा, वेलांटी सगळं गळून जायचं. पहिली वेलांटी तर तिची वैरीणच. ही बसते अक्षराच्या आधी आणि बोलायची मात्र नंतर, असं कसं, म्हणून ती बाईंशी भांडायची. बाई घाई करत नसत. तोंडाने आवाज म्हणायचा, बोट वाळूत फिरवायचं, चुकलं तर वाळू सारखी करायची. लाल शाई नाही की रागावणं नाही. पहिला महिनाभर फक्त तिचं स्वतःचं नाव चाललं होतं. दिवाळी येईपर्यंत त्या बोटाने माझी वाळू पार नांगरून काढली.

अशात तपासणीची बातमी आली. साहेबांपुढे आपण वाचायचंच, असं मोहिनीनं ठरवून टाकलं. धडा घोकून नव्हे, साहेब बोट ठेवतील तिथून.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घडी घातलेली चिठ्ठी घेऊन माझ्यापाशी, बाईंजवळ येऊन बसली. मुख्याध्यापक सर्जेराव गुरुजींनी तिला, सटवाला आणि संस्कृतीला एकेक चिठ्ठी दिली होती, वडिलांना द्या म्हणून. ती दोघंही बाईंकडेच शिकणारी, पण नुकतीच यायला लागलेली. ती दोघं चिठ्ठ्या दप्तरात जपून ठेवून घरी गेलीसुद्धा. मोहिनीनं मात्र घडी उलगडली. यात माझं नाव आहे, म्हणाली. काही कौतुकाचं असेल असं बाईंना वाटलं. त्या म्हणाल्या, वाच की मग.

एकेक अक्षर वाळूत काढत ती वाचू लागली. ‘मोहिनीला उद्या शाळेत पाठवू नये. तपासणी आहे.’

मी हबकलेच! पोरीनं एकही वेलांटी चुकवली नाही, आणि वाचलं काय, तर ती स्वतःच नको आहे म्हणून! चिठ्ठ्या पोरांच्याच हाती का दिल्या, ते मला तेव्हा कळलं. त्यांना त्या वाचता येणार नाहीत, याची गुरुजींना खात्री होती.

तेवढ्यात गुरुजी व्हरांड्यात आले. मोहिनीनं त्यांना सांगितलं, चिठ्ठी मी वाचली. ते हसले, कुणी वाचून दाखवली म्हणून विचारू लागले. तिनं वाळू सारखी केली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा काढलं, मोठ्यानं वाचत. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. माणूस वाईट नाही, मी ओळखते त्यांना. कच्ची मुलं तपासणीला घरी ठेवायची ही शाळेची जुनी चाल, आधीचे गुरुजीही तेच करत. त्यात काही वावगं आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

‘उद्या ये तू,’ ते कसेबसे म्हणाले. ‘साहेबांपुढं तूच वाच.’

मोहिनी जागची हलली नाही. ‘गुरुजी, सटवाच्या अन् संस्कृतीच्या चिठ्ठीत बी हेच हाय का?’

गुरुजींनी तशीच मोटारसायकल काढली आणि ते दोघांच्या घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी मोहिनीनं साहेबांनी बोट ठेवलं तिथून वाचलं, संस्कृतीही आली. सटवाला मात्र वडिलांनी चिठ्ठी वाचून, शाळेलाच नको असेल तर राहू दे तिकडंच म्हणत, लगेच गेवराईला मामाकडं धाडलं होतं. शाळेतून घरी जाताना तो वाटेत भेटेल त्याला सांगत होता म्हणे, गुरुजींनी माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली!

मित्रांनो, मला घासून लख्ख ठेवा, असं काही मी मागत नाही. पण ज्याला वाचता येत नाही, त्याला नाकारणारा कागद त्याच्याच हातानं धाडू नका. सटवा अजून आलेला नाही. बाई आल्या की दरवेळी त्याच्यासाठी माझी वाळू सारखी करून ठेवतात.