नानांनी माझ्या टाकीला सील लावले

मी एक जुनी पेट्रोलची मोटार आहे. माझा रंग एके काळी पांढराशुभ्र होता. आता त्याला काय म्हणावे ते मलाच कळत नाही. वैशाखरे गावात, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली मी उभी असते. मित्रांनो, तुमच्या नव्या गाड्या किल्ली फिरवली की निमूट चालू लागतात. आमच्या वेळी तसे नव्हते. मागच्या टाकीतले पेट्रोल पंप ओढून घ्यायचा, ते कार्बोरेटर नावाच्या वाटीएवढ्या भांड्यात यायचे, तिथे त्यात हवा मिसळायची आणि मग कुठे इंजिन पेटायचे. या वाटेत कचऱ्याचा एखादा कण अडकला तरी मी भर रस्त्यात बसकण मारायची. म्हणून स्वभावाने मी पहिल्यापासून घाबरट. नुसता चढ दिसला तरी मला धाप लागते.

पहिली वीस वर्षे मी कल्याणच्या एका डॉक्टरांकडे काढली. ते मला फार जपायचे. पुढे त्यांच्याकडे नवी गाडी आली आणि मी अंगणातल्या कोपऱ्यात धूळ खात पडले. माझ्या सीटखाली उंदरांनी बाळंतपणे केली, तरी कुणी ढुंकून पाहिले नाही. मग १९९६ साली केरूनाना आले आणि मला वैशाखऱ्याला घेऊन गेले.

केरूनाना शहापूरच्या एका सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षे शिपाई होते ते, पण साधेसुधे नव्हे. लखोटे, पेट्या, कुलपे यांना लाखेचे सील लावायचे काम त्यांच्याकडे असे. मेणबत्तीवर लाख कशी वितळवायची, किती थेंब टाकायचे, शिक्का कधी दाबायचा, हे सारे त्यांच्या बोटांत होते. सील लावलेली वस्तू सुरक्षित, यावर त्यांचा गाढ विश्वास होता, आणि साहेबांच्या हुकमाशिवाय सील फोडणे म्हणजे त्यांच्या लेखी मोठा गुन्हा. त्यांच्या बौद्धवाडीत मोटार घेणारे ते पहिलेच. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर माझ्याच टपावर असे. त्या दिवशी मी जरा तोऱ्यात असायची, हे कबूल करायला हवे.

नानांना मी एवढी प्रिय होते, आणि त्या प्रेमानेच एकदा माझा जीव कोंडला. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

२००० सालच्या पावसाळ्यात माझ्या टाकीत पाणी शिरले. टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढे एक भोक असते, त्यातून पाणी गेले असे मेकॅनिकने सांगितले. नानांनी ते मनात ठेवले. पुढच्या वर्षी जून महिन्यात त्यांची मुलगी रश्मी हिला पत्र आले. भातसानगरच्या वसाहतीतल्या शाळेत तिची शिक्षिका म्हणून निवड झाली होती. पण ते टपाल कुठे तरी दहा दिवस रेंगाळले होते. रुजू व्हायची मुदत दुसऱ्याच दिवशी, दुपारी बारापर्यंत होती. त्यानंतर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावणार होते.

सकाळच्या एसटीने जाते, असे रश्मी म्हणाली. नानांनी ऐकलेच नाही. दारात मोटार असताना मुलगी गर्दीत धक्के खात का जाईल, असा त्यांचा सवाल. ते लगेच मला मुरबाडला घेऊन गेले आणि टाकी काठोकाठ भरून आणली. संध्याकाळी मेणबत्ती पेटवून त्यांनी माझ्या झाकणाच्या भोकावर लाख टाकली. पाणी जायला नको. मग झाकणाच्या कडेनेही लाख फिरवली, म्हणजे कुणी पेट्रोल चोरायला नको. कोटाचे जुने पितळी बटण त्यावर दाबून शिक्का उठवला आणि समाधानाने हात झटकले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. ते भोक म्हणजे माझे नाक होते.

सकाळी आठला आम्ही निघालो. पावसाची उघडीप होती. नाना चालवत होते, शेजारी रश्मी पत्राची पिशवी छातीशी धरून बसली होती, मागे तिची आई कमळाबाई भाकरीचे गाठोडे घेऊन. टोकावड्यापर्यंत मी छान पळाले. पण पेट्रोल जसजसे पुढे जात होते तसतशी टाकी आतून आवळत चालली होती. गेलेल्या पेट्रोलच्या जागी हवा यायला वाटच नव्हती. पंप बिचारा जीव खाऊन ओढत होता आणि मी देत नव्हते. दोन आचके दिले आणि थांबले.

नानांनी बॉनेट उघडले. पंप तापला असेल म्हणून त्यावर ओला फडका टाकला. पंधरा मिनिटे गेली. लाखेला कुठे तरी केसाएवढी चीर होती, तेवढ्यातून मी कशीबशी हवा ओढत होते. मग किल्ली फिरवताच मी सुरू झाले. फडक्यानेच काम केले असे नानांना वाटले. मला मात्र ठाऊक होते की हे पुन्हा होणार.

ते सरळगाव जवळ येताच झाले. तिथे शेखर नावाच्या मेकॅनिकचे गॅरेज होते. नानांनी आणि कमळाबाईंनी मला ढकलत त्याच्या दारात नेले. शेखरने कार्बोरेटर खोलला, त्यातला जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक नळी, तोंडाने फुंकून साफ केला, फिल्टर झटकला, पंपाचा पडदा काढून उजेडासमोर धरून पाहिला. कुठेच दोष नव्हता. टाकीत पेट्रोल आहे ना, असे त्याने विचारले, तेव्हा नाना दुखावलेच. सील शाबूत आहे म्हणजे पेट्रोल शाबूत आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. शेखरला कामे पडली होती. तो मागे येऊन झाकण बघायच्या भानगडीत पडला नाही. एवढ्या वेळात माझ्यात थोडी हवा शिरली होती, म्हणून मी पहिल्या दमात सुरू झाले. कचराच होता, असे शेखर म्हणाला आणि आम्हाला निरोप दिला. तेव्हा दहा वाजत आले होते.

रश्मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. तिचे हात थंड पडले होते. माझ्या दाराच्या मुठीवर तिचा तळवा होता, म्हणून मला ते कळत होते. नाना मोठमोठ्याने बोलून सगळ्यांना धीर देत होते, पण त्यांची नजर सारखी रश्मीच्या घड्याळाकडे जात होती. किन्हवली मागे पडली आणि भाताच्या खाचरांच्या मधोमध मी तिसऱ्यांदा थांबले. आसपास घर नाही, मागेपुढे गाडी नाही. दहा चाळीस झाले होते.

नानांनी पुन्हा फडका टाकला. शेखरने केला तसा जेटही खोलून फुंकला, तोंड पेट्रोलने पोळले. एवढ्यात पुरेशी हवा आत आली नव्हती, मी हलले नाही. रश्मी खाली उतरून रस्त्याकडे बघत उभी राहिली. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती अगदी हळू बोलली, "नाना, मी एष्टीनं गेले असते तर आतापरत पोचले असते."

नानांनी हातातला फडका खाली टाकला. ते माझ्या मडगार्डला टेकून मटकन खाली बसले. मित्रांनो, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. माझ्या एका झाकणापायी या मुलीची वर्षानुवर्षांची मेहनत दुसऱ्या कुणाच्या नावावर जाणार होती, आणि मला काही सांगता येत नव्हते.

कमळाबाई तोवर गाडीतच भाकरीचे गाठोडे धरून बसल्या होत्या. त्या मोटार चालवत नसत, पण वाडीतल्या विहारात जयंतीला दोनशे माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच हाताखाली होई. त्यांनी नवऱ्याला विचारले, नक्की सील लावलेय तरी कुठे. नानांनी जागा सांगितली. भोक, कड, सगळे. कमळाबाई उठून मागे आल्या आणि लाखेवरून त्यांनी बोट फिरवले.

"आवो," त्या म्हणाल्या, "त्येलाच्या डब्याला येकच भोक पाडलं तर त्येल येतं का? दुसरं पाडावं लागतं, वाऱ्याला. ह्याचा वारा तुमी बंद केलाय."

नाना उठले. त्यांनी खिशातून चाकू काढला, पण तो लाखेपाशी नेऊन ते थबकले. तीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या मनाने एकही सील फोडले नव्हते. त्यांनी मुलीकडे पाहिले. जणू तीच त्यांची साहेब होती.

"फोडू?" त्यांनी विचारले.

"फोडा, नाना," ती म्हणाली.

लाखेचे तुकडे उडाले, झाकण फिरले, आणि सूंऽ करून हवा आत घुसली. तीनच तासांत मी श्वास घ्यायचा कसा तेही विसरले होते. नानांनी चाकूच्या टोकाने ते बारीक भोक मोकळे केले आणि झाकण परत बसवले. त्यानंतर मी जी पळाले ती शहापूर मागे टाकूनच. चढ आला, धाप लागली, पण थांबले नाही. भातसानगरच्या फाटकापाशी बाराला सात मिनिटे कमी होती.

नाना तिच्याबरोबर आत निघाले होते. "तुम्ही इथंच थांबा," असे म्हणून रश्मी एकटीच धावत गेली. नाना माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. बॉनेट चांगलेच तापले होते, तरी त्यांनी हात काढला नाही.

अर्ध्या तासाने ती आली, सही करून. रोज नेणे-आणणे कसे करायचे याचा सगळा बेत नानांनी सांगायला घेतला. रश्मीने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, शाळेतल्या एका बाईंबरोबर शहापूरला खोली मिळतेय, तिथून ये-जा करीन. शनिवारी घरी येईन, एसटीने. कमळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. नानांनी माझ्या टाकीच्या झाकणावरून अंगठा फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "एष्टीचा टाइम इचारून ठेव गो."

आता मी क्वचितच रस्त्यावर येते. नाना थकलेत, पण सकाळी मला पुसल्याशिवाय चहा घेत नाहीत. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल तर तिला टाकून देऊ नका, मित्रांनो. तिला पुसा, झाका, पाण्यापासून वाचवा. आणि ती अडून बसली तर तिच्यावर चिडण्याआधी एवढे पाहा, की तिला जपता जपता तुम्ही तिचा श्वास तर बंद केला नाही ना.