माणसागणिक कुंदन

सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. ती फुटली की लग्न पक्कं, मग मागं फिरायची सोय नाही. म्हणून केळझरच्या त्या घरात, तर्री-पोह्यांच्या बशा भरता भरता, अंजू दाराआडून नवऱ्यामुलाला पारखून घेत होती.

कुंदनचं जाम गावात मोटरपार्टचं दुकान. आल्या आल्या त्यानं तिच्या आईला, धुरपताबाईला जिंकलं. “मामी, पोहे लय झकास झाले वो! माह्या मायले शिकवून देजा.” पुण्याहून आलेले बबनमामा बोलू लागले, तसा तो ‘वो’ कुठल्या कुठे पळाला. “अगदी बरोबर आहे तुमचं. पुण्याची शिस्त आपल्याकडे नाहीच.” मध्येच ट्रकवाल्याचा फोन आला, तर, “अरे पाजी, टेन्शन मत लो!” अंजूला हसू आलं. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक तशी जीभ. तिनं तेही त्याच्या जमेला धरलं.

मग तिचा मोठा भाऊ कवडू पाण्याचा तांब्या घेऊन बैठकीत गेला. तो अडखळत बोले, म्हणून चार माणसांत तोंडच उघडत नसे.

“प-प-पाणी घ्या.”

“द-द-द्या, दादा,” कुंदन म्हणाला.

धुरपताबाईला ती थट्टाच वाटली. कवडूचा चेहरा मात्र उजळला. तो जवळ सरकून बसला, बकऱ्यांचं, वांग्यांच्या वाडीचं सांगू लागला. कुंदनही तसाच अडखळत साथ देत राहिला. एवढं कवडू घरातही कधी बोलला नव्हता. आत येऊन तो अंजूच्या कानाशी लागला, “मा-माह्यावानीच हाय वं! सोनं हाय पोरगा.”

तेवढ्यात बाहेरून कुंदनचा आवाज आला, मामांशी बोलणारा, तेल दिल्यासारखा सुळसुळीत. “समोरच्यासारखं बोललं ना मामा, की माणूस लगेच आपला होतो. आता तुमच्या भाच्याचंच बघा.”

कवडूनं ऐकलं. मान खाली घातली आणि मागच्या दारानं निघून गेला.

अर्धा पेला दूध पिऊन झाल्यावर तळाशी पाल दिसावी, तसं अंजूला झालं. ती तरातरा बैठकीत गेली. पाटावरची सुपारी उचलली.

“हे नाई फुटणार.”

“अवं, येडी झाली का तू?” धुरपताबाई ओरडली.

कुंदन हसत उठला. “काऊन वो? माह्यं का चुकलं?” हुबेहूब तिचाच सूर, मानही तिच्यासारखीच तिरपी.

“माह्यासारखं नोका बोलू. मामासारखं नोका, दादासारखं तर नोकाच. तुमचं तुमी बोला.”

कुंदननं तोंड उघडलं. मामांकडे पाहिलं, धुरपताबाईकडे पाहिलं. कुणीच काही बोलेना, म्हणून त्यालाही काही बोलता येईना.

अंजू सुपारी मुठीत धरून कवडूला शोधायला वाडीकडे निघाली.