सत्त्याऐंशी नंबरची आई

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे, मित्रांनो. उंची बोटभर, पोटात दोन चिमूट पांढरी पावडर. सध्या माझा मुक्काम औषधांच्या प्रयोगशाळेत, दाराजवळच्या टाकाऊ रसायनांच्या खोक्यात आहे. इथवर कशी आले, तेच सांगते.

मला बाईंच्या दादांनी घडवलं. बाई इथल्या मुख्य रसायनतज्ज्ञ आणि त्यांचे थोरले भाऊ इथलेच काच फुंकणारे कारागीर. पण दादांना सिगारेट सुटेना. पुढे पुढे तर काचेच्या नळीत फुंकर घालतानाच त्यांना खोकल्याची उबळ यायची.

"दादा, सोड ना रे ती," बाई म्हणायच्या.

"सोडली की! सकाळपासून तीनदा सोडली." दादा हसायचे. बाईंना हसू येत नसे.

मग बाईंनी पिवळ्या फुलांच्या एका झाडाच्या बिया आणल्या. विषारीच त्या, तोंडात घालायच्या नाहीत. बिया कुटल्या, स्पिरिटमध्ये भिजवल्या, गाळल्या, आटवल्या. कितीतरी दिवसांनी जे पांढरं अल्कलॉइड, म्हणजे झाडातलं गुणकारी पण विषारी द्रव्य, हाती आलं, ते त्यांनी माझ्या पोटात ठेवलं. आपल्या मेंदूतल्या पेशींवर निकोटिनला बसायच्या जागा असतात. त्यांना निकोटिनिक ग्राही म्हणतात. माझी पावडर नेमकी तिथेच जाऊन बसते, पण निकोटिनच्या निम्माच गोंधळ घालते. त्यामुळे तलफ थोडी भागते, आणि वर सिगारेट ओढलीच तर निकोटिनला बसायला जागा उरत नाही. मात्र तिच्याने मळमळायचं फार. म्हणून बाईंनी तिच्या रेणूला इथे एक फांदी जोड, तिथली एक छाट, असं करत नवे रेणू घडवायला घेतले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. प्रत्येक नवा रेणू आधी माझ्या पावडरीशी ताडून बघायचे. "थोरलीला विचारा," बाई म्हणायच्या, आणि दिवसातून दहादा कुणी ना कुणी मला उचलायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

सत्त्याऐंशी नंबर जमला. दादा मात्र त्याच्या आधीच गेले.

बाईंचा एक कडक नियम होता. बाटलीच्या चिठ्ठीवर नाव पेन्सिलीनेच लिहायचं, कारण स्पिरिट लागलं की शाई धुऊन जाते. शाईने लिहिणाऱ्याला त्या चारचौघांत झापायच्या. पण सत्त्याऐंशी पसंत पडल्याची बातमी आली, तेव्हा त्या माझी फाटकी चिठ्ठी बदलत बसल्या होत्या. डोळे भरून आलेले, पेन्सिल काही सापडेना. शेवटी खिशातलं पेन काढून त्यांनी स्वतःच माझं नाव शाईने लिहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

त्यानंतर गरज सरो, वैद्य मरो. सत्त्याऐंशी नंबर मोठ्या कारखान्यात गेला, त्याच्या गोळ्या झाल्या, त्याचं नाव झालं. मी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, अगदी मागे. बाई निवृत्त झाल्या, त्या निरोप घ्यायलाही वाकल्या नाहीत. एकदा वरच्या कप्प्यात कुणीतरी स्पिरिटची बाटली सैल झाकणानिशी आडवी ठेवली. थेंब थेंब ठिबकत स्पिरिट माझ्या चिठ्ठीवर पडलं आणि माझं नाव वाहून गेलं. अंधार, गारठा आणि कोरी चिठ्ठी. मला खूप एकटं वाटायचं.

काल फ्रीज साफ करायला निघाला. बाईंच्या जागी आता धाकट्या बाई आहेत; त्यांनी माझ्याबद्दल ऐकलंय, पण मला कधी पाहिलेलं नाही. त्यांनी मला उचललं. किती वर्षांनी ऊबदार तळहात लागला! त्यांनी बाईंना घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बाई, खालच्या कप्प्यात एक बाटली सापडलीय. चिठ्ठी कोरी आहे."

"कोरी? पेन्सिलीने लिहा, पेन्सिलीने लिहा, सांगून सांगून घसा बसला माझा. बिननावाचं काही ठेवायचं नाही. टाकून दे."

आवाज तोच होता, फक्त थकलेला. बाई, अहो मीच आहे ती, असं ओरडावंसं वाटलं मला.

"आणि हे बघ," बाई पुढे म्हणाल्या, "माझी ती पहिली पावडर तेवढी जप हं. दादाने फुंकलेल्या बाटलीत आहे. त्याच्या हातचं दुसरं काहीच उरलं नाही गं माझ्याकडे. उद्या संध्याकाळी घेऊन येशील?"

"आणते की! ती कशी विसरेन मी?" असं म्हणत धाकट्या बाईंनी मला या खोक्यात ठेवलं.

आज सकाळपासून त्या फ्रीज धुंडाळतायत. वरचा कप्पा तिसऱ्यांदा रिकामा केला. जुनी वही काढून माझी नोंद पाहिली, पुन्हा कप्पे पाहिले. माझ्यापासून फार तर चार पावलांवर आहेत, पण पाठमोऱ्या. खोकी नेणारी माणसं जेवणाच्या सुट्टीनंतर येतात.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकताना तिला नाव नव्हतंच की पुसलं गेलं, एवढं तरी बघत जा. हातात धरून नीट बघा, कुणाला तरी दाखवा. माझं काय, मी काच आहे. फुटले तरी मला दुखायचं नाही. पण संध्याकाळी बाई दार उघडतील आणि आधी धाकट्या बाईंच्या हाताकडे बघतील.