दुपारचे तीन तास

पर्वत पाटिया भागातल्या थाळीच्या हॉटेलात मी रोटल्या लाटायची. पगार तासावर. सकाळी दहा ते तीन, संध्याकाळी सहा ते दहा. मधले तीन तास गिऱ्हाईक नाही, म्हणून पैसेही नाहीत. डिंडोलीला घरी जाऊन परत यायचं तर भाडं जाणार, म्हणून आम्ही पाच बायका मागच्या खोलीतच थांबायचो. रिकामं बसवत नाही, तर तांदूळ निवडायचो, लसूण सोलायचो. फुकट. आमच्यासारख्या शहाण्या आम्हीच.

धुडकू वाढप्यांचा मुख्य, आमच्याच अमळनेरकडचा. त्यानेच आम्हाला कामाला लावलं. शेठशी बोलणं त्याच्यातर्फे, पगारही त्याच्याच हातून. मला सख्खा भाऊ नाही. दर भाऊबीजेला मी त्यालाच ओवाळायची, तो ओवाळणीत साडी घालायचा. भावाला कुणी हिशोब विचारतं का?

जूनमध्ये फीपायी माझ्या उज्ज्वलाची शाळा सुटली. नववीतली हुशार पोर घरी साड्यांना टिकल्या चिकटवत बसली. दुपारचे तास धरले असते तर फी सहज निघाली असती. मी धुडकूला तीनदा म्हटलं, शेठला विचार. तिन्ही वेळा त्याने मान हलवली. "ताई, शेठ नही म्हणस. मी काय करू?" वर पोरीच्या खाऊला दहा रुपये द्यायचा. मी त्याला देवमाणूस म्हणायची.

दिवाळीच्या तोंडावर मुख्याध्यापक म्हणाले, सुट्टीनंतर फी भरा, पोरीला परत घेतो; नाहीतर वर्ष गेलं. धुडकू तेव्हा रजेवर होता. मग मीच हात पुसून गल्ल्यापुढे उभी राहिले. शेठ, दुपारचे तास धरा म्हटलं.

शेठ बघतच राहिला. "बेन, प्लेग में सब गांव भाग गए, तब से देता हूं ने! आदमी टिकते नहीं थे, इसलिए चालू किया. धुडकू ले जाता है, तुम पांचों का."

माझ्या अंगाची आग झाली. "हमारे हाथ में क्यूं नहीं दिया?"

"तुम्हारा भाई है. मैंने सोचा, घर का आदमी."

"अब?"

"एक पैसा दो बार कैसे दूं, बेन?" म्हणून तो नोटा मोजायला लागला.

देणाऱ्याने हातात द्यावं, एकदा तरी विचारावं. शेठचा राग आलाच. पण शेठ परका होता. धुडकूला मी कुंकू लावलं होतं.

भाऊबीजेला तो आला. पाटावर बसला, टोपी घातली, नवी साडी मांडीवर ठेवली. उज्ज्वला दाराशी टिकल्या लावत होती, सणाच्या दिवशीही. मी निरांजन लावलं.

"शेठले मी इचारं, भाऊ."

त्याची मान खाली गेली. म्हणाला, "ताई, हळूहळू फेडसू मी."

"पैसा फेडशी. पोरनं वरीस कसं फेडशी?"

मी ओवाळायचं ताट तसंच आत नेलं. परत येऊन त्याच्या मांडीवरची साडी मात्र काढून घेतली. माझ्याच पैशांची होती ती.